पाकिटावरची कोळंबी

पाकीट बदललं होतं, एवढंच. निळ्या लाटेवर मिशा उडवत पोहणारी जुनी कोळंबी आता गुबगुबीत झाली होती, तिला गोल डोळे आले होते, आणि वरच्या कोपऱ्यात पिवळ्या पट्टीवर 'नवं रूप' अशी अक्षरं होती. वार्तिनीनं नेहमीच्या सवयीनं दोन पाकिटं टोपलीत टाकली, अंडी घेतली, पाव घेतला, आणि मग कशी कोण जाणे, तिची बोटं पुन्हा त्या पाकिटाकडे गेली. जुनं पाकीट हाताला चुरचुरायचं. हे मऊ होतं, कागदासारखं, गप्प. तिनं ते उलटं केलं. मागच्या बाजूला पूर्वी मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं असायची. आता तिथे चौकटी आखल्या होत्या आणि एकेका चौकटीत एकेक चित्र होतं. अंडं, दुधाची बाटली, गव्हाची लोंबी, खेकडा, शेंगदाणा. बरीचशी करडी, पुसट. जे पदार्थात आहे तेवढंच रंगीत. गहू पिवळा होता. कोळंबी तांबडी होती. आणि खालच्या ओळीत अगदी कडेला एक डुक्कर होतं, गुलाबी, शेपटीला वेटोळं असलेलं, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखं हसरं.

मागून कुणीतरी "जरा जाऊ देता का?" म्हणालं तेव्हा ती बाजूला झाली. बाजूला होऊन ती सोयाच्या बाटल्यांसमोर उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की तोंडाला पाणी सुटलंय. डोक्याला कळलं होतं, जिभेला अजून कळायचं होतं. जिभेला पाकिटातल्या त्या कोळंबीच्या कांडीचा खारटपणा आठवत होता, आधी कुरकुर, मग ओली होऊन टाळूला चिकटणारी ती गोडसर शेवटची चव. जपानात, टोयोहाशीला आल्यापासून ही चव तिच्याबरोबर होती. भाषेच्या वर्गात एक जुनी मुलगी होती, सगळ्या इंडोनेशियन मुलींची पुढारी. तिनं फळ्यावर एक अक्षर काढून दाखवलं होतं. "हे डुकराचं. हे दिसलं की ठेवून द्यायचं. बाकी काही वाचता आलं नाही तरी चालेल, एवढं पाठ करा." वार्तिनीनं ते पाठ केलं. दुकानात जाऊन, पाकीट डोळ्यांजवळ धरून, घरात शिरलेला विंचू शोधावा तसं तिनं ते अक्षर शोधलं. सापडलं नाही. पुढच्या बाजूला कोळंबी होती, मागे ते अक्षर नव्हतं. तिनं बिस्मिल्ला म्हणून पहिली कांडी तोंडात टाकली, आणि त्यानंतर कधी पाकीट उलटं करून बघितलं नाही. पुढे ती जपानी वर्तमानपत्र वाचू लागली, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचू लागली, परीक्षेला बसून पास झाली. पाकीट मात्र पुन्हा वाचलं नाही. माणूस आपल्या घरच्यांचे चेहरे पुन्हा थोडेच वाचत बसतो.

पदार्थ बदलला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. नवं रूप म्हणजे नवा मसाला. हा विचार तिनं, ती कामाला होती त्या वृद्धाश्रमापर्यंत सायकलवरून जपून नेला. दुपारच्या पाळीआधी चहाच्या खोलीत ओगुरीसान एकट्याच होत्या. वृद्धाश्रमात सगळ्यांत जुन्या, गुडघ्याला पट्टा बांधून दोन माणसांचं काम करणाऱ्या, आणि वार्तिनीला पहिल्या दिवसापासून लाडानं 'तिनीचान' म्हणणाऱ्या. वार्तिनीनं त्यांच्यापुढे पाकीट ठेवलं आणि मागचा दूरध्वनी क्रमांक दाखवला.

"कंपनीला विचाराल का, मसाला बदललाय का म्हणून? माझं बोलणं त्यांना नीट समजायचं नाही."

"तुझं सगळं समजतं गं. तुला घाबरायला होतंय म्हणून मला पुढे करतेयस." ओगुरीसाननी चष्मा लावला. "डुक्कर, नाही का? अरेरे. थांब."

त्या फोनवर बोलताना वाकून वाकून बोलल्या, जणू पलीकडचा माणूस समोरच बसलाय. हो का, असं का, नाही नाही, तक्रार नाही हो, आमच्याकडे एक मुलगी आहे. मग फोन ठेवून त्यांनी वार्तिनीकडे बघितलं नाही, पाकिटाकडेच बघितलं.

"काही बदललं नाही म्हणतात. फक्त पाकीट नवं. मसाल्यात डुकराचा अर्क पहिल्यापासून आहे, म्हणे. पूर्वीही छापलेलं असायचं, पण साध्या, उच्चाराच्या लिपीत. डुकराचं ते चित्राक्षर वापरलेलं नसायचं." आणि मग चष्मा काढत, "चिमूटभरच असणार गं. तुला माहीत नव्हतं ना? तुमचा देव एवढा कडक आहे का?"

देव कडक नव्हता. न कळत खाल्लेल्याचा दोष लागत नाही हे वार्तिनीला लहानपणापासून माहीत होतं. मशिदीच्या ओसरीवर बसून गावातल्या सगळ्या पोरांनी ते घोकलेलं होतं. स्वतःविषयी तिला फार काही वाटलंच नाही. तिनं त्या दुपारी चादरी बदलल्या, तिघांना आंघोळ घातली, एकाची दाढी केली. फक्त हात धुताना तिला दर वेळी आपली उजव्या हाताची तीन बोटं दिसत होती. त्या बोटांनी तिनं आईला भरवलं होतं.

आईच्या पोटात गाठ झाली आणि डॉक्टरांनी उपाय संपले म्हणून घरी पाठवलं, तेव्हा वार्तिनी, गेल्या रोज्यांच्या महिन्यात, रजा घेऊन इंडोनेशियात, पुर्बालिंगाजवळच्या आपल्या गावी गेली होती. अर्धी बॅग या पाकिटांनी भरलेली. पाकिटं नेणं नवीन नव्हतं. तिचा थोरला भाऊ तोहिरिन, ज्याला ती गावाकडच्या पद्धतीनं 'कांग' म्हणे, त्याच्या दुकानाला ती महिन्या-महिन्याला खोकं धाडतच होती. दारावर त्यानं 'जपानी खाऊ, हलाल' अशी हिरवी पाटी लावली होती, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका पोरांसाठी कोळंबीचं पाकीट मागत यायच्या. तेव्हा आईचं खाणं सुटलं होतं. भाताची पेज तोंडातून परत यायची. केळं नको, नारळाचं पाणी नको. चमचा दिसला की ती मान भिंतीकडे वळवायची. एका संध्याकाळी रोजा सोडल्यावर वार्तिनी पलंगाच्या कडेला बसून सहज एक कांडी खात होती, आणि आई म्हणाली, "कसला वास गं तो?" वार्तिनीनं कांडी पेजेत बुडवली, मऊ केली, तीन बोटांच्या चिमटीत धरून तिच्या ओठांना लावली. आईनं चोखली. डोळे मिटले. मग म्हणाली, "समुद्र." लग्नानंतर एकदाच नवऱ्यानं तिला चिलाचापचा समुद्र दाखवला होता, वाळूवर बसून तिनं भाजलेली कोळंबी खाल्ली होती, आणि लाट आल्यावर चपला सोडून पळाली होती. ते सगळं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यानंतर ती रोज तेच मागायची. "माझा जपानी क्रुपुक आण." गावाकडे कोळंबीच्या पापडाला क्रुपुक म्हणत. चिलाचापची गोष्टही रोज व्हायची, रोज लाट थोडी मोठी व्हायची. ईदनंतर थोड्याच दिवसांत ती गेली. शेवटी काय खाल्लं, असं मयतीला आलेल्या बायका विचारत होत्या, आणि वार्तिनी रडता रडता थोड्या अभिमानानंच सांगत होती.

ही तीच आई, जी शहरातल्या लग्नाला जाताना डबा बांधून न्यायची. "त्यांची कढई कशानं माखलेली असेल कुणी सांगावं?" म्हणायची. चिनी दुकानदाराची बायको प्रेमानं केक पाठवायची, तर आई तिचे आभार मानायची, तिच्यासमोर केकचं कौतुक करायची, आणि ती वळली की कोंबड्यांना घालायची. पोरं चिडवायची, आई, कोंबडीनं खाल्लं, मग कोंबडी तू खाल्लीस, त्याचं काय? आई म्हणायची, "ते कोंबडीनं बघून घ्यावं." वार्तिनीला हे आठवून चहाच्या खोलीत हसू आलं, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, कुणी काढूनच घेईना.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं तोहिरिनला फोन लावला. तो दुकानात होता; मागे खोकी दिसत होती, भिंतीवर तिनंच पाठवलेलं जपानी कॅलेंडर. तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. कांगला धक्का बसेल, तो मशिदीच्या समितीत आहे, हळूच सांगायला हवं.

"कांग, बसलायस ना? ती कोळंबीची पाकिटं आहेत ना, त्यात..."

"नवी आली का बाजारात?" तो म्हणाला. "चित्रवाली? मला वाटलंच, आता त्रास होणार. तू असं कर, आणखी मिळतील तेवढी जुनी घे. नव्यांवर मी मागून कागद चिकटवतो."

फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा जागच्या जागी थांबला. जोडणी तुटली असं तिला वाटलं. पण तुटली नव्हती. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"कुणीतरी बोललं होतं. तिकडून परत आलेला एक कामगार, दुकानात आला आणि वाचून दाखवायला लागला. लोक काय, काहीही बोलतात."

"कधी?"

"आता मला काय तारखा पाठ आहेत?"

"कांग, कधी?"

"रोजे लागायच्या आधी," तो म्हणाला.

रोजे लागायच्या आधी. म्हणजे ती बॅग भरून घरी पोचली त्याच्याही आधी. फोन हातात असतानाच वार्तिनी त्या खोलीत गेली: आईचा पलंग, खिडकीतला पपईचा बुंधा, भिंतीशी मांडी घालून कुराणातलं यासीन वाचणारा कांग, आणि आईच्या उशाशी ती स्वतः, चिमटीत मऊ कांडी. तो वाचता वाचता वर बघायचा. तिला वाटायचं, आई खातेय म्हणून त्याला बरं वाटतंय. आता तिला त्याची नजर पुन्हा बघायची होती आणि ती दिसत नव्हती, फक्त ओठ हलताना दिसत होते. आणि मग दिसलं ते भलतंच. त्याची मुलगी हस्ना, चार वर्षांची, पलंगावर चढून पाकिटात हात घालायची, आणि कांग वाचन थांबवून तिला उचलून बाहेर नेऊन ठेवायचा. "हिला खोकला आहे." दर वेळी खोकला. वार्तिनीनं त्या मुलीला एकदाही खोकताना ऐकलं नव्हतं.

"हस्नाला खाऊ दिलं नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"हस्नाला उचलून नेत होतास. आईला खाऊ दिलंस."

"आईच्या पोटात काहीतरी जात होतं गं!" तो एकदम ओरडला, आणि दुकानात कुणी नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. "तू बघितलं नाहीस का? दोन आठवडे पाण्यावर होती. तू ते चाटवलंस आणि ती हसली, बोलायला लागली, अब्बांच्या गोष्टी सांगायला लागली. मी काय करायला हवं होतं? पुढे येऊन म्हणायचं होतं, आई, थुंक ते? तू म्हणाली असतीस?"

नसती म्हणाली, आणि हेच तिला सहन होईना. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "मग मला का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. "माझी बोटं होती ती. तू भिंतीशी बसून होतास, स्वच्छ. आणि आई गेल्यावर? आईसाठी गप्प बसलास, मग दुकान कोणासाठी चालवलंस?"

"दुकानावर घर चालतं. तुझं बरं आहे, तू तिकडे."

"लोकांना सांग, कांग. पाटी काढ."

"वेड लागलंय तुला? आईची खाटसुद्धा लोक घरातून बाहेर काढायला लावतील. बारक्या बारक्या पोरांनी खाल्लंय ते. थोडे दिवस जाऊ दे. मी बघतो."

त्यानं बघितलं नाही. वार्तिनीनं खोकं धाडणं बंद केलं, तर त्यानं दुसऱ्या कुणाकडून मागवलं. वहिनीनं पाठवलेल्या फोटोत हस्नाच्या मागे फळीवर गोल डोळ्यांच्या कोळंब्या ओळीनं दिसत होत्या. ते बघून एका दुपारी, कपडे धुण्याच्या यंत्राजवळ उभं राहून, तिनं गावातल्या बायकांच्या गटात आवाजी निरोप पाठवला. यंत्र फिरत होतं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं. मी तिनी, मिसकियाची मुलगी. कोळंबीचं पाकीट घेऊ नका, पोरांना देऊ नका, त्यात डुकराचा अंश आहे, पहिल्यापासून होता. मला कळलं नव्हतं. मला माफ करा. कांगचं नाव तिनं घेतलं नाही. का घेतलं नाही हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. ओठांपर्यंत आलं होतं, आणि मग यंत्र थांबलं आणि आवाज एकदम फार मोठा वाटला.

बायकांनी निरोप ऐकला. मग एकेकीचं सुरू झालं. माझ्या नातवाच्या सुंतेला वाटलं होतं ते. अल्ला, अल्ला. तिनी, तुला तर जपानी वाचता येतं ना गं? तुझी आई सगळ्यांना सांगत फिरायची, माझी मुलगी त्यांची वर्तमानपत्रं वाचते. हे वाक्य एकीनं म्हटलं आणि मग सगळ्यांना सापडलं. शुक्रवारच्या नमाजानंतर तोहिरिन मशिदीत उभा राहिला, हे तिला वहिनीकडून कळलं. सावदावहिनी वाईट बाई नव्हती. बोलताना ती सारखी नाक ओढत होती.

"रडले गं ते सगळ्यांसमोर. म्हणाले, माझी सख्खी बहीण, शिकलेली, तिच्यावर विश्वास टाकला, मला त्या लिपीतलं अक्षर कळत नाही. सगळा माल नदीकाठी जाळला. लोकांनी मिठी मारली त्यांना. मशिदीतल्या हाजींनी स्वतः मिठी मारली."

"आणि आईचं सांगितलं?"

"ते कसं सांगतील? पण लोकांना माहीतच आहे. तू मयतीला सगळ्यांना सांगितलं होतंस ना, शेवटी काय खाल्लं ते." वहिनीनं नाक पुसलं. "आईंच्या कबरीवर पुन्हा दुआ पढवली. तिनी, वर्षाच्या दुआला तू येणार होतीस... यंदा राहू दे. लोक अजून तापलेत. पुढच्या वर्षी ये. राग नको धरूस."

"वहिनी, त्याला माहीत होतं. रोज्यांच्या आधीपासून."

पलीकडे नुसतं नाक ओढणं. मग अगदी हळू, "मला कुठे काय माहीत होतं, बाई," आणि त्या आवाजावरून वार्तिनीला कळलं, की हस्नाचा खोकला कोणी सुचवला होता.

रजेचा अर्ज तिनं मागे घेतला. ओगुरीसाननी तिच्या डब्याशेजारी एक सोललेलं संत्रं ठेवलं आणि म्हणाल्या, "यात फक्त संत्रं आहे." वार्तिनी हसली नाही, तर त्या स्वतःच हसल्या आणि एक फोड उचलून तोंडात टाकली. वर्षाच्या दुआचा दिवस आला तेव्हा वार्तिनीची दिवसपाळी होती. गावी दुआ सुरू झाली असेल तेव्हा इथे जेवणाची वेळ झाली होती आणि ती कुवाबारा आजींसमोर चमचा घेऊन बसली होती. आजी महिन्याभरापूर्वीच आलेल्या, चावण्याची ताकद गेलेली, त्यामुळे त्यांचं सगळंच वाटून, गाळून यायचं: पांढरा उंडा, नारिंगी उंडा, हिरवा उंडा. आजींनी पांढऱ्या उंड्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

या प्रश्नाला इथे सगळ्यांचं एक उत्तर ठरलेलं होतं. छान आहे, चवदार आहे, खाऊन बघा. वार्तिनीनंही हजारदा दिलं होतं. आज तिच्या तोंडून ते निघेना.

"कोंबडी आहे, आजी. उकडून वाटलेली."

आजींनी ओठ मिटले. एवढ्याशा चेहऱ्यावर ते मिटलेले ओठ दाराला कडी घालावी तसे दिसले. "मी कोंबडी खात नाही. आमच्या घरी कोंबड्या होत्या. त्यांना नावं होती." आणि मान भिंतीकडे.

"मग गाजर घ्या. हे बघा, गाजर."

"त्याला कोंबडी लागलीय."

वार्तिनी चमचा धरून बसली. आजींच्या मनगटावरची कातडी सैल लोंबत होती, गेल्या आठवड्यापेक्षा जास्त. वजन उतरतंय, काहीही करून पोटात गेलं पाहिजे, असं डॉक्टर कालच बजावून गेले होते. चमच्यातला उंडा निवत चालला. तिला वाटलं, आपण बरोबर केलंय, पण ते वाटणं समोरच्या थंड ताटापाशीच येऊन अडत होतं.

"काय झालं?" ओगुरीसान गुडघा ओढत आल्या आणि तिच्या कानात कुजबुजल्या. "अगं, मासा म्हण की! यांना आम्ही रोज मासाच म्हणतो." त्यांनी वार्तिनीच्या हातातून चमचा काढून घेतला, पुढे वाकल्या, आवाज गोड केला. "आजी, मासा हं. आज सकाळीच बंदरावर आलेला."

आजींनी मान वळवली. चमच्याकडे बघितलं, ओगुरीसानकडे बघितलं. मग तोंड उघडलं. पहिला घास गिळून त्यांनी डोळे मिटले, आणि दुसऱ्यासाठी आपणहून पुढे झाल्या. बघता बघता पांढरा उंडा संपला, नारिंगी संपला, हनुवटीवर थोडं ओघळलं. वार्तिनीनं रुमाल घेऊन ते पुसलं. आजींनी तिचा हात बाजूला सारला आणि ओगुरीसानच्या कानाशी लागून, पण सगळ्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या,

"या परदेशी पोरीच्या हातचं मला देऊ नका. ही खोटं बोलते."